सुई टोचून घेण्याआधी तिचं पाकीट बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकाच्या घडीतून ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या उपचाराच्या शिबिरांची पत्रकं हल्ली वरचेवर बाहेर पडतात. लकवा, गुडघेदुखी, शुगर, बहिरेपणा, वजन, वंध्यत्व अशी सगळी यादी, खाली मोबाईल नंबर आणि ‘आधी येणाऱ्यास सवलत’. नोंदणी क्रमांक मात्र शोधूनही सापडत नाही. आम्ही इंदूरमधले, दुखण्यांवर उपचार करणारे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट आहोत. आमच्यातले काही जण स्वतः सुया वापरतात. तेव्हा या उपचाराला नावं ठेवायला हे पत्र नाही. सुई नीट वापरली तर तिचा धोका फार कमी आहे आणि काही दुखण्यांत ती उपयोगीही पडते. मात्र ती नीट वापरली जातेय का, हे टेबलावर आडवं होण्याआधी रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं, आणि काय बघायचं हे पत्रकात कुणी छापत नाही.

सुरुवात सुईपासून नाही, निदानापासून. तोंड एका बाजूला वाकडं झालं की आपल्याकडे लगेच ‘लकवा आहे, सुया टोचून घे’ असा सल्ला मिळतो. चेहऱ्याची नस सुजून झालेला लकवा असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू होण्याला महत्त्व असतं. आणि सोबत हात-पाय लुळा पडला असेल, बोलणं अडखळत असेल, तर तो मेंदूचा झटका आहे. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते तास शिबिराच्या रांगेत गेले तर नंतर कितीही कुशल हात असला तरी भरपाई होत नाही. कंबरदुखीचंही तसंच. दुखण्याबरोबर ताप, विनाकारण घटलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारी कळ, पूर्वी झालेला कॅन्सर, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बसण्याच्या जागी बधिरपणा किंवा पाऊल उचलताना ते लोंबणं, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासणी. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी किंवा एका क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, हीसुद्धा सुईची केस नव्हे. ‘रिपोर्ट वगैरे काही नको, नाडी बघून कळतं’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर यावं.

मग उपयोग कशात? जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण तीन गटांत वाटले होते. एका गटाला परंपरेनं ठरलेल्या बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच जागी वरवर टोचल्या, तिसऱ्याला नेहमीची औषधं, फिजिओथेरपी आणि व्यायाम दिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के, दुसऱ्यातल्या ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातल्या २७.४ टक्के लोकांना ठरलेल्या निकषाइतका फरक पडला होता. हे आकडे दोन्ही बाजूंची पंचाईत करणारे आहेत. सुयांना थोतांड म्हणणाऱ्याला तिसरा आकडा समजावून सांगता येत नाही, आणि ‘बोटभर इकडे-तिकडे झालं तर गुण येणार नाही, ती विद्या फक्त आमच्याकडे’ म्हणणाऱ्याला दुसरा. आमचं मत असं की फरक पडतो तो खरा असतो. त्यातला काही भाग टोचण्याचा, काही भाग तिथे निवांत पडून राहण्याचा आणि कुणीतरी नीट विचारपूस करण्याचा. कशाचा किती, हे रुग्णानं डोक्यात घेऊ नये. पण ‘गुप्त बिंदू’ म्हणून जास्त पैसेही मोजू नयेत.

ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी उपचारांची छाननी करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या शिफारसी बघण्यासारख्या आहेत. वारंवार होणारी अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी असेल तर पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त १० बैठकी, असं त्यांनी २०१२ साली म्हटलं. कंबरदुखीसाठी मात्र २०१६ साली ‘देऊ नका’ म्हटलं. कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्यांसाठी २०२१ साली एक कोर्स देऊन बघायला हरकत नाही म्हटलं, आणि गुडघ्याच्या झिजेसाठी २०२२ साली पुन्हा नकार दिला. एकाच संस्थेची दुखण्यागणिक वेगवेगळी उत्तरं. त्यामुळे ‘ॲक्युपंक्चरनं बरं होतं का’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कशासाठी, हे आधी सांगावं लागतं. ऑपरेशननंतरची मळमळ आणि उलट्या यांसाठी मनगटावरच्या एका बिंदूचा पुरावा बरा आहे. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे स्वतःची तीन बोटं आडवी ठेवायची, त्याच्या वर, दोन ठळक कंडरांच्या मधोमध. तिथे सुईसुद्धा लागत नाही, अंगठ्यानं दाबलं तरी चालतं. ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात ज्यांच्या पोटात ढवळतं त्यांनी करून बघायला काहीच बिघडत नाही, मात्र प्रवासातल्या मळमळीचा पुरावा तितका पक्का नाही. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब, जन्मजात बहिरेपणा यांवर सुई हा उपचार नाही. सुया सुरू केल्या म्हणून इन्सुलिन किंवा प्रेशरची गोळी थांबवायला सांगणारा माणूस धोकादायक आहे, मग त्याच्या भिंतीवर कितीही सर्टिफिकेटं असोत.

सर्टिफिकेटांचा विषय निघालाच आहे तर. केंद्र सरकारनं २०१९ साली ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्याआधीच पश्चिम बंगालनं १९९६ साली आणि महाराष्ट्रानं २०१५ साली आपापले कायदे केले होते, आणि महाराष्ट्रात नोंदणीसाठी परिषद आहे. पुण्या-मुंबईची आत्या किंवा मामा फोनवर ‘कौन्सिलचा नंबर विचार’ असं सांगतात ते त्या भरवशावर. पण तो कायदा महाराष्ट्राच्या हद्दीपुरता. इंदूरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी विचाराव्या लागतात. एक, टोचणाऱ्याची मूळ पदवी कोणती आणि तिची नोंदणी कुठे आहे: एमबीबीएस असेल तर मेडिकल कौन्सिल, आयुर्वेद किंवा होमिओपॅथी असेल तर त्यांचं मंडळ. दोन, दवाखाना मध्य प्रदेशच्या १९७३ च्या उपचर्यागृह (नर्सिंग होम) कायद्याखाली सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोंदलेला आहे का. तो कागद दर्शनी भागात लावलेला दिसला पाहिजे. नंतर तिसरा प्रश्न: सुया कुठे शिकलात आणि किती तास? जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत आधीच डॉक्टर असलेल्यासाठी किमान २०० तास आणि वैद्यकीय पदवी नसलेल्यासाठी २५०० तासांचं पूर्ण प्रशिक्षण सांगितलं आहे. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट या हिशेबात कुठे बसतं ते ज्याचं त्यानं बघावं. झोलाछाप, म्हणजे पदवी नसलेला डॉक्टर इंजेक्शन देतो तेव्हा आपण घाबरतो, पण तोच सुई घेऊन बसला की त्याला ‘नैसर्गिक उपचार’ म्हणून आत जातो, हे काही बरं नाही.

मराठी घरांत ॲक्युपंक्चर म्हटलं की डॉ. कोटणीसांचं नाव निघतं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस शल्यचिकित्सक होते. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. भारतात सुया आणण्याचं श्रेय त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बसू यांचं, तेही १९५९ च्या सुमारास. कोटणीसांच्या नावावर उपचार विकणारा कुणी भेटला तर एवढं माहीत असू द्यावं.

आता सुई. ही सुई भरीव असते, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नाही. नेहमीच्या वापरातली ०.२५ मिलिमीटर जाडीची, २५ किंवा ४० मिलिमीटर लांबीची. चेहऱ्यासाठी त्याहून बारीक, ०.१६ ते ०.२० ची. जाडीनं साधारण इन्सुलिनच्या बारीक सुईएवढी, म्हणून टोचताना फारसं कळत नाही आणि रक्तही क्वचित येतं. ती स्टेनलेस स्टीलची असते, आणि त्या स्टीलमध्ये निकेल असतं. खोट्या दागिन्यांनी कान चिघळतात अशा बायकांनी हे आधी सांगावं.

पाकीट कसं बघायचं ते जरा सविस्तर. एका सुईचं पाकीट म्हणजे एका बाजूला पारदर्शक प्लॅस्टिक, दुसऱ्या बाजूला कागद. कागदावर मापं, बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि ‘एथिलीन ऑक्साइड’नं निर्जंतुक केल्याची खूण असते. कोपरा ओला झालेला, फाटलेला किंवा कागद सुटलेला असेल तर ती सुई बाद. आत प्लॅस्टिकची बारीक नळी असते, तिच्यात सुई, आणि दोन्ही एका इवल्याशा पाचरीनं जखडलेले. टोचणारा पाचर मोडतो, नळी कातडीवर टेकवतो, वर आलेल्या सुईच्या मुठीवर बोटानं एक टिचकी मारतो आणि नळी काढून घेतो. हे सगळं तुमच्यासमोर व्हायला हवं. पाचर आधीच मोडलेली असेल तर विचारावं.

गडबड होते ती स्वस्त पाकिटांत. काही पाकिटांत एका नळीबरोबर पाच सुया असतात, काहींत नळीशिवाय दहा. तुम्हाला सात लागल्या तर उरलेल्या तीन फेकायच्या असतात. पण त्या पुढच्या रुग्णासाठी ट्रेमध्ये राहतात. उघड्या ट्रेमधली सुई निर्जंतुक नाही, भले ती कुणालाच टोचली नसेल. दुसरा प्रकार म्हणजे ‘तुमच्या सुया तुमच्याच डबीत’. काही ठिकाणी रुग्णाच्या नावाची चिठ्ठी लावून सुया स्पिरिटच्या बाटलीत ठेवतात आणि पुढच्या बैठकीला त्याच वापरतात. रुग्णाला यात बचत वाटते. पण स्पिरिटनं सुई निर्जंतुक होत नाही, जिवाणूंचे बीजाणू त्यात तगून राहतात; उकळूनही तीच गत. त्यासाठी दाबाची वाफ लागते, १२१ अंश सेल्सियसला किमान १५ मिनिटं. शिवाय एकदा वापरलेल्या सुईचं टोक वाकतं, सूक्ष्म आकडा होतो, आणि पुढच्या वेळी ती टोचण्याऐवजी फाडत जाते. बाटल्यांची अदलाबदल ही तर फक्त वेळेची गोष्ट.

हेपटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान सात दिवस जिवंत राहतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये १९८४ साली एकाच दवाखान्यातून ३५ जणांना या काविळीची लागण झाली होती. एकदाच वापरायच्या सुया रूढ झाल्यावर अशा साथी जवळजवळ थांबल्या, म्हणून त्या नियमात सवलत मागू नये आणि देऊही नये. ज्यांनी हेपटायटिस बी ची लस घेतलेली नाही त्यांनी ती अशीही घ्यावी; तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्यानं दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा.

शिबिरात आणखी एक हिशेब मांडून बघता येतो. सकाळच्या वेळात साठ रुग्ण आणि प्रत्येकाला दहा सुया धरल्या तर सहाशे सुया झाल्या. तेवढ्या सुयांचे रिकामे पुडे टोपलीत दिसायला हवेत, आणि वापरलेल्या सुयांसाठी झाकणाचा पांढरा, अर्धपारदर्शक, सहज भोसकला न जाणारा डबा हवा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत धारदार वस्तूंसाठी पांढराच डबा सांगितला आहे. आपल्या शहरानं घरचा कचरा सहा भागांत वेगळा करायची सवय लावून घेतली, म्हणून सुयांची पिशवी बांधून सकाळच्या कचरागाडीत टाकणं कायदेशीर होत नाही. कचरा हातानं निवडणाऱ्या बाईच्या बोटात ती सुई जाते. डबा कुठे आहे आणि तो कोण घेऊन जातं, एवढं विचारलं तरी संयोजकाचं पाणी कळतं.

कुठे टोचतात यावर खरा धोका ठरतो. हात-पायांवरचे बिंदू तुलनेनं निर्धोक. छाती, बरगड्या, मानेचा मागचा भाग आणि डोळ्याभोवतीची जागा इथे मात्र हात सराईतच हवा. मानदुखी, खांदा जखडणं यांसाठी मान आणि खांद्याचं टोक यांच्या मध्ये, जिथे स्नायू ताठरतो, तिथे टोचायची फार पद्धत आहे. त्या स्नायूखाली फुप्फुसाचं टोक असतं. ते कॉलर बोनच्याही दोन-तीन सेंटिमीटर वर येतं. पाठीवर, खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला, कृश माणसात कातडीपासून फुप्फुस दीड-दोन सेंटिमीटरवर असू शकतं, कधी त्याहून कमी. ४० मिलिमीटरची सुई तिथे सरळ खाली घातली तर पुढे काय होणार हे उघड आहे. म्हणून तिथे लहान सुई घेऊन ती तिरकी घालतात, किंवा स्नायू चिमटीत उचलून धरतात. टोचणारा असं करत नसेल तर ‘तिथे नको, हातावर टोचा’ असं म्हणायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. फिजिओथेरपिस्ट ‘ड्राय नीडलिंग’ करतात, म्हणजे दुखऱ्या स्नायूत अशीच सुई घालतात, तेव्हाही हेच लागू. नाव वेगळं असलं तरी सुई आणि फुप्फुस तेच आहेत. छातीच्या मधल्या हाडाचं असंच. काही टक्के लोकांच्या त्या हाडात जन्मतःच भोक असतं, बाहेरून कळत नाही आणि त्यामागे हृदय. तिथे सुई खोल घालून मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

घाबरवायचं म्हणून नाही, प्रमाण कळावं म्हणून सांगतो: जर्मनीतच २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली होती. ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, त्यात बहुतेक रक्त येणं किंवा काळा-निळा डाग. त्रासावर उपचार घ्यावे लागले ते २.२ टक्क्यांना, आणि फुप्फुसाला भोक पडलं दोघांच्या. टोचणारे सगळे प्रशिक्षित डॉक्टर होते, हे मात्र विसरायचं नाही.

रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा एसिनोकुमारोल घेणाऱ्यांनी आधी सांगावं आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा ताजा आयएनआर रिपोर्ट दाखवावा. सुयांसाठी ती गोळी परस्पर बंद करणं सुईपेक्षा धोक्याचं. साधी ॲस्पिरिन चालू असेल तर डाग जरा जास्त पडतील, एवढंच. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडणारा प्रकार पूर्ण वर्ज्य. कृत्रिम झडप असलेल्यांनी कानात दिवसचे दिवस चिकटवून ठेवायच्या टाचणीसारख्या सुया घेऊ नयेत, मधुमेह्यांनीही नको. कानाच्या कूर्चेला रक्तपुरवठा कमी असल्यानं तिथला जंतुसंसर्ग लवकर हटत नाही आणि कान वाकडा होऊ शकतो. मेथीदाणे चिकटवून दाबायचे असतील तर तो धोका नाही. स्तनाच्या कॅन्सरसाठी काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुईला देऊ नये. गरोदर बाईनं पहिल्याच वाक्यात सांगावं: अंगठा आणि तर्जनीच्या मधला बिंदू, घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वरचा बिंदू, पोट आणि कंबर परंपरेनंच टाळतात. दवण्याच्या जातकुळीतल्या पाल्याची वळकटी पेटवून शेक देतात तो प्रकार पायाला बधिरपणा असलेल्या मधुमेह्यांनी घेऊच नये. भाजलेलं कळत नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

जायच्या दिवशी उपाशी जाऊ नये. बशीभर पोहे खाऊन गेलात तरी पुरे, मात्र तुडुंब जेवून नको. अंगाला तेल चोपडून जाऊ नये. कपडे गुडघ्याच्या आणि कोपराच्या वर सरकतील असे सैल. कपड्यातून सुई टोचणाऱ्याला थांबवावं. बायकांनी सोबत कुणी असू द्यावं आणि पडद्याची सोय आहे का ते आधी विचारावं. पहिली बैठक झोपूनच घ्यावी, खुर्चीत बसून नको. उपाशी, घाबरलेला आणि बसलेला माणूस सुई टोचल्यावर घेरी येऊन पडतो. चेहरा पांढरा पडतो, घाम फुटतो, मळमळतं. उपाय साधा: सगळ्या सुया काढायच्या, आडवं करायचं, पाय उशीवर, थोड्या वेळानं गोड काहीतरी. तोंडावर पाण्याचे हबके मारून उठवून बसवणं हा उलटा प्रकार.

टोचणाऱ्यानं आधी हात धुवावेत, कातडी पुसली असेल तर ती वाळू द्यावी. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की उगाच चरचरतं. सुई पोचल्यावर जडपणा, मंद ठणका, मुंग्या आल्यासारखं वाटणं अपेक्षित आहे. विजेचा झटका, आग किंवा बोटापर्यंत धावणारी कळ मात्र नाही; ती नस आहे, ताबडतोब सांगायचं, दात-ओठ खाऊन सहन करायचं नाही. सुया साधारण २० ते ३० मिनिटं ठेवतात. त्या वेळात कूस बदलायची नाही, कारण स्नायू आखडला की सुई अडकते किंवा वाकते. अडकलीच तर ओढू नये. आजूबाजूला हलकं चोळलं, जरा थांबलं की ती सुटते. हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवंच. काढताना मोजणी व्हावी. किती घातल्या आणि किती निघाल्या हे कार्डावर लिहिणारा दवाखाना चांगला समजावा. केसांत आणि पाठीवर विसरलेली सुई ही दुर्मिळ गोष्ट नाही.

नंतर दहा मिनिटं बसून मगच स्कूटरला किक मारावी, काहींना गुंगी येते. जिथे रक्त आलं तिथे कापसानं दोन मिनिटं दाबावं, चोळू नये. आणि ज्यांना मान, खांदा, पाठ किंवा छातीवर सुया टोचल्या आहेत त्यांनी एवढं नीट लक्षात ठेवावं: त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दम लागू लागला, खोल श्वास घेताना छातीत टोचलं, कोरडा खोकला लागला, तर ‘सुयांचा परिणाम दिसतोय, विष बाहेर पडतंय’ हे ऐकून घरी बसू नये. इंदूरच्या सरकारी एमवाय रुग्णालयात किंवा जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात जाऊन छातीचा एक्स-रे काढावा, आणि सुया टोचल्या होत्या हे डॉक्टरला आपणहून सांगावं. ते सांगायचं बहुतेक जण विसरतात आणि निदान लांबतं.

बैठकी किती? आठवड्याला एक किंवा दोन, आणि चार ते सहा बैठकींनंतर हिशेब. त्यासाठी पहिल्या दिवसापासून वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात: दुखणं शून्य ते दहात किती, आणि त्या दिवशी दुखण्याच्या किती गोळ्या घेतल्या. सहा बैठकींत दोन्ही आकडे हलले नाहीत तर सातवी घेण्यात अर्थ नाही. ‘आधी वाढेल, मग कमी होईल’ हे एखाद-दुसऱ्या दिवसापुरतं खरं असतं, महिनाभर नाही. पंधरा-वीस बैठकींचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला आम्ही तरी पैसे देणार नाही.

शेवटी संपादक महोदय, एक मागणं आपल्याकडेच. चमत्कारिक उपचारांच्या जाहिरातींवर बंदी आणणारा १९५४ चा कायदा आहे, आणि त्याच्या यादीत मधुमेह, पक्षाघात, बहिरेपणा, लठ्ठपणा हे सगळे आहेत. सुई त्या कायद्यात बसते की नाही यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. पण घडीत घालायला येणाऱ्या पत्रकावर टोचणाऱ्याचं पूर्ण नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि शिबिराच्या जागेचा पत्ता छापलेला असल्याशिवाय ते वाटू नये, एवढी अट आपल्या वितरण विभागाला घालता येईल. ज्यांच्याकडे हे चारही आहे त्यांना ते छापायला फार तर दोन ओळी जास्त लागतील.

आपले,
दुखण्यांवर उपचार करणारे काही डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट,
इंदूर